लाल पुस्तक, हिरवं पुस्तक

वाळवी आज पुन्हा लाल पुस्तक घेऊनच जेवायला बसली.

ते पाहून बाबांचा घास तोंडातच फिरायला लागला. वाळवी हे नाव त्यांनीच ठेवलेलं. पुस्तकं बांधणाऱ्याच्या घरात जन्मलेली, रांगायला लागल्यापासून कागदांवर तुटून पडणारी पोर. दुसरं काय नाव ठेवणार? पण आता वाळवी मोठी झाली होती, आणि उद्या विद्यापीठात जाऊन सांगायचं होतं: साहित्य की विज्ञान.

बाबांना विज्ञान हवं होतं. "शब्दांनी पोट भरत नाही," ते म्हणायचे. "मला विचारा! जन्मभर शब्दांना कपडे शिवतोय."

म्हणून तर त्यांनी रद्दीच्या दुकानातून एक फाटकं, जाडजूड विज्ञानाचं पुस्तक तिच्यासाठी उचलून आणलं होतं. रद्दीवाल्याने त्याच्याबरोबर तेवढीच जाड, तेवढीच फाटकी कादंबरी गळ्यात मारली. आईने दोन्हींची पानं शिवली. बाबांनी कडा कापून दोन्ही अगदी एका मापाची केली. मग विज्ञानासाठी हिरवा पुठ्ठा, कादंबरीसाठी लाल, पाठीवर सोनेरी अक्षरं. गिऱ्हाइकं डोक्यावर उभी असताना काम फत्ते! "शेजारच्या शिंप्याच्या हातून बाही उलटी लागेल, माझ्या हातून पुठ्ठा नाही," असं त्यांनी आल्यागेल्याला सांगितलं. पुस्तक उघडायच्या भानगडीत ते कधी पडायचे नाहीत. पाठ बघायची, पोट नाही.

आणि पोरीने पहिल्याच दिवशी झडप घातली ती लाल पुस्तकावर.

"बाबा, यातला एक जण ना, सारखा पडतोय," ती आत्ता चमचा हवेत धरून म्हणाली. "पडतोय, पडतोय, पण जमिनीला लागतच नाही! असलं कुणाला सुचलं असेल हो?"

"कुणातरी रिकामटेकड्याला," बाबा म्हणाले. नायक दारुडा असणार, त्यांच्या मनात आलं.

हिरवं पुस्तक आईच्या वाट्याला आलं होतं. दुपारी कामातून मान वर करता आली की ती खिडकीशी बसून वाचायची. वाचता वाचता डोळे पुसायची. पोरीला विज्ञान समजवावं म्हणून ही जीव टाकतेय, आणि डोक्यात काही शिरत नाही म्हणून रडतेय, हे बाबांना दिसत होतं. परवा तर ती पुस्तक मिटून पुटपुटली, "असं व्हायला नको होतं."

"अगं, होईल सगळं नीट," बाबांनी धीर दिला.

"काही नीट होत नाही. मला कळलंय शेवटी काय होणार ते," आई म्हणाली आणि सुई ओवायला लागली.

आज दुपारी दुकानात खळ लावताना बाबांचा हात थांबला. त्यांना आठवलं, लग्नाआधी आईसुद्धा अशीच होती. शाळेत पहिली आलेली. पुढे शिकायचं म्हणून हटून बसलेली. तिच्या वडिलांनी "पुरे झालं" म्हटलं, आणि पहिली आलेली मुलगी या दुकानात येऊन पानं शिवायला लागली. कधी एका शब्दाने बोलली नाही.

आपण तसले बाप व्हायचं नाही, बाबांनी ठरवलं. ठरवलं आणि छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. एकटेच शीळ घालायला लागले. शिंप्याने भिंतीपलीकडून विचारलं, "काय हो, लॉटरी लागली का?"

तर आता जेवताना त्यांनी घसा खाकरला.

"हे बघा. मी विचार केलाय. साहित्य घ्यायचं असेल तर खुशाल घ्या. माझी ना नाही."

वाळवीचा चमचा ताटात पडला. "काय? बाबा, पण मला..."

"पण नाही आणि बिण नाही. जिथे जीव रमतो तिथेच जावं माणसाने."

आईने मात्र त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. "खरंच? साहित्य चालेल तुम्हाला?"

"चालेल."

"लोक हसले तरी?"

"हसू देत. दात दिसतील त्यांचे."

"आणि घरातली कामं? अभ्यास म्हटला की वेळ लागतो."

"मी करीन. परीक्षा असली की भांडीसुद्धा घासीन."

"तुम्ही? भांडी?"

"शब्द दिला! आता झालं?"

आई इतकं गोड हसली की बाबांना आपण वाट्टेल ते घासू असं वाटलं.

"बाबा," वाळवी हळूच म्हणाली. तिने लाल पुस्तक उघडून त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. "आम्ही दोघींनी ठरवलं होतं तुम्हाला सांगायचं नाही म्हणून. तुम्ही त्या पुठ्ठ्यांचं एवढं कौतुक करत होता ना."

बाबांनी वाकून पाहिलं. पानभर आकडे. मध्ये एक गोल, त्याभोवती मोठं वर्तुळ, आणि त्या वर्तुळावर एक इवलासा चंद्र.

"हाच तो पडणारा," वाळवी म्हणाली. "मी विज्ञानच घेतेय, बाबा. तुम्ही आणलेलं हे पुस्तक वाचूनच ठरवलं."

बाबांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की पान उलटलं. विज्ञान! पोरगी विज्ञानालाच! ते खुर्चीत मागे रेलले आणि पोटभर हसले. मग हसता हसता त्यांची नजर खिडकीतल्या हिरव्या पुस्तकावर गेली, आणि हसू तिथेच थांबलं.

"म्हणजे मग ते..."

"ती विज्ञानाला," आई त्यांच्या ताटात वाढत म्हणाली, "आणि साहित्याला मी. उद्या सकाळची बस दोघींची एकच आहे, तेव्हा आजपासूनच भांडी घासायला घ्या."