दाणेवाली

"टाकी रिकामी करा," साहेब म्हणाले. "घासून घ्या आणि नळाचं स्वच्छ पाणी भरा. उद्या पाहुणे येताहेत. हा असला चहा दाखवायचा का त्यांना?"

ऑपरेटरबाईनं ऐकलंच नाही असं दाखवलं. सांडपाण्याच्या टाकीतलं तपकिरी पाणी हवेच्या जोरावर खदखदत होतं आणि त्यात तिचे दाणे फिरत होते. मोहरीएवढे, जिवंत, घाण खाणाऱ्या जंतूंनी एकमेकांना घट्ट धरून केलेले. अकरा महिने खपून तिनं ते वाढवले होते. शुद्धीकरण केंद्रात सगळे तिला 'दाणेवाली' म्हणून चिडवत. तिला ते नाव मनापासून आवडायचं.

"ऐकू आलं ना?"

"आलं, साहेब. दाणे गेले तर पुन्हा वर्ष जाईल. तोवर शेवाळाला खाऊ घालणारी सगळी घाण सरळ तळ्यात."

"एवढ्यानं तळं मरत नाही."

"मेलंच होतं की! हिरवी साय धरली होती, मासे उलटे पडले होते. आमची वस्ती आहे तिथं. त्या वासात आम्ही राहिलोय, तुम्ही नाही."

साहेब तावातावानं गेले आणि स्वतःच्या हातानं हवेचं बटण बंद केलं.

खदखद थांबायच्या आत तिनं काचेचं उंच नळकांडं टाकीतून भरून घेतलं आणि कठड्यावर साहेबांच्या नाकासमोर ठेवलं. "पाच मिनिटं बघा. जास्त नाही."

दाणे भराभर तळाशी उतरले. वर निवळशंख पाणी उरलं. साहेब तेवढा वेळ आपलं घड्याळ बघत होते.

"झालं कौतुक?" ते फिटरकडे वळले. "तळाचा व्हॉल्व उघडा. नाहीतर उद्यापासून दोघंही घरी बसा."

फिटर म्हणजे तिचा सख्खा दीर. त्यानं पाना उचलला आणि तो व्हॉल्वच्या चाकावर वाकला. परका असता तर गोष्ट वेगळी, घरचाच माणूस असा निघावा याचा तिला भयंकर राग आला.

"जाम झालंय, साहेब," तो कण्हत म्हणाला. "चाक काढून तेल घालावं लागेल."

ती चमकली. कालच संध्याकाळी त्यानं त्या व्हॉल्वला तेल घातलं होतं, तिच्यादेखत.

नट सुटला. त्यानं ते लोखंडी चाक दोन्ही हातांनी उचललं आणि तिच्यापुढे धरलं. "वहिनी, जरा घ्या हे. जड आहे, सांभाळून."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो पान्याकडे बघत राहिला.

तिनं चाक घेतलं, कठड्यापलीकडे नेलं आणि सोडून दिलं. डुबकन आवाज झाला. दिरानं एक सुस्कारा टाकला आणि त्याच्यामागोमाग पानाही सोडला.

साहेब कठड्यावरून वाकले. "ते... ते बाहेर काढा आधी!"

"काढतो की," फिटर म्हणाला. "फक्त टाकी रिकामी करावी लागेल."

"मग करा!"

"करतो की. फक्त चाक लागेल."

साहेब लालबुंद झाले. "दोघंही घरी जाल! उद्याच्या उद्या!"

"उद्याचं उद्या बघू," ती म्हणाली. बटणाशी जाऊन ती ताठ उभी राहिली. "आज चारपर्यंत माझी पाळी आहे. मागे सरका, साहेब. हवा सोडतेय. शर्टावर उडेल."

साहेब दोन पावलं मागे सरकले.