आखलेलं दार

प्लॉटवर फक्कीच्या पांढऱ्या रेघांनी नवं घर आखून झालं. नवऱ्याचं घर सोडून आलेल्या ताईची खोली त्यात नव्हती.

"अण्णा, तिचं काय?" मी वडलांना विचारलं.

"खोली बांधली, की ती कायमची इथेच राहील," ते गवंड्यासमोरच कडाडले. "हॉल मोठाच हवा."

तेवढ्यात ताई चहाची किटली घेऊन आली. आम्ही सगळे रेघा तुडवत फिरत होतो. ती मात्र वळसा घालून आखलेल्या दारापाशी गेली आणि चपला काढून बाहेरच थांबली.

"अण्णा, आत येऊ?"



अण्णांनी गवंड्याकडून फक्कीचं घमेलं ओढून घेतलं. हॉलच्या मधोमध एक वेडीवाकडी रेघ मारली. मग ताईकडे न बघताच म्हणाले, "तुझ्या खोलीचं दार कुठं ठेवायचं, सांग."