गारोचा लळा

एर्मानोने खुरपं कोटात लपवलं, पण त्याच्या गारो कुत्र्याची शेपटी लपवायला कोट नव्हता.

समोरच्या पायवाटेने नेवियो येत होता. मिरना नदीकाठच्या त्या जंगलात ट्रफल शोधणारी दोन माणसं समोरासमोर आली, की दोघंही फिरायलाच आलेली असतात. ती जमिनीखालची, कुत्र्याला वासावरून सापडणारी महागडी अळंबी कुठल्या झाडाशी सापडते, हे माणूस मरताना मुलाला सांगतो; तेही मुलगा नीट वागला असेल तर. म्हणून नेवियोने पाठदुखीवर डॉक्टरांनी चालायला सांगितल्याचं सांगितलं, एर्मानोने पोटाची तक्रार पुढे केली, आणि दोघांनी एकमेकांच्या तब्येतीची मनापासून काळजी केली.

गारोला ही रीत ठाऊक नव्हती. एका जुन्या ओकच्या बुंध्याशी तो नाक टेकून उभा होता, आणि शेपटी अशी हलत होती की मागचा अर्धा कुत्रा तिच्याबरोबर हलत होता.

नेवियोने शेपटीकडे पाहिलं. मग झाडाकडे.

"याला काय झालं रे?"

"तुला बघून," एर्मानो म्हणाला. "फार जीव आहे त्याचा तुझ्यावर."

नेवियोची स्वतःची कुत्री गेल्या हिवाळ्यात गेली. तेव्हापासून तो घरात शिरला की बायको फक्त त्याच्या बुटांवरच्या चिखलाकडे बघायची. मग त्याने रेडिओवर ऐकलेलं सांगितलं: शेपटी उजवीकडे झुकली तर माया, डावीकडे झुकली तर संशय. दोघंही गारोच्या मागे वाकून उभे राहिले. माया निघाली. एर्मानोचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात गारो पुढच्या पायांनी माती उकरू लागला.

"आता हे काय?"

"तुला बसायला जागा करतोय," एर्मानो बोलून गेला, आणि बोलल्यावर त्याने जीभ चावली.

नेवियोने टोपी काढली. कुत्र्याचं मन मोडायला नको म्हणून त्याच उकरलेल्या मातीवर तो ऐसपैस बसला. गारोने त्याच्या बुडाखाली नाक खुपसून पाहिलं; जमेना, तेव्हा त्याला चिकटून उभा राहिला. नेवियोचे डोळे भरून आले. त्याच सुमारास मातीतून तो ओळखीचा वास वर आला, लसणीचा आणि ओल्या पाचोळ्याचा. दोघांनी रुमाल काढून नाकं पुसली आणि गारठ्याला शिव्या घातल्या.

थंड जमीन पाठीला वाईट, असं एर्मानोने बजावलं. नेवियोला ते पटलं, पण तो उठला नाही. एर्मानोने गारोला हाक मारली, मग शीळ घातली. गारोने कानसुद्धा वळवला नाही.

"तू हो पुढे," नेवियो कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला. "घरी बायको वाट बघत असेल तुझी. आम्ही दोघं बसतो जरा."