कचकड्याच्या डब्या

गुलाबी डबी माजघराच्या उंबऱ्यावर आपटली, ओसरीभर घरंगळली आणि तुळसाबाईच्या पायाशी येऊन आडवी झाली. तिच्या मागून हिरवी आली. मग दुधी, निळी, करवंदी, अशा कितीतरी.

चोपन्न सालचा उन्हाळा. रिठदच्या दौलतरावांची मुलगी वच्छला हिला पाहायला शेलूबाजारहून पाहुणे आले होते. मुलाची आई तुळसाबाई आणि मुलाचे काका बबनराव. वच्छला पाटावर बसली होती. पाहुणीसाठी खण काढायला तिची आई कस्तुराबाई आत गेली आणि फळीवरची भलतीच पेटी तिच्या हातून निसटली.

तुळसाबाईनं गुलाबी डबी उचलून उघडली. झाकणात वाटोळा आरसा, तळाला पांढुरका थर.

"पावडरची हाय," ती म्हणाली.

बबनरावांनी वच्छलाच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. पावडर म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे तमाशातल्या बायाच येत. "घरात कोन लावते हे?"

कस्तुराबाई दारात उभी होती. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. "माह्या भावजयीच्या हायेत. अकोल्याच्या. ठेवाले देल्या होत्या."

"येवढ्या?" बबनराव म्हणाले.

दौलतरावांनी पोरीकडे पाहिलं. तिच्या गालाला हळदीशिवाय कधी काही लागलं नव्हतं. पण पाहुणे हा संशय घेऊन घरी गेले असते, आणि पुढच्या बाजारी तो गावोगाव पोचला असता.

"माह्या हायेत," ते म्हणाले.

"तुमच्या?" बबनरावांना हसू आवरेना. "लावता का काय तुमी?"

"लावत नाई. जमवतो. वाशीमच्या बाजारात एक मन्यार बसते, बांगड्या-फण्या विकते. त्याच्याकडं जुन्या, फुटक्या डब्या येतात. म्या आनतो."

"पन कायले?" हे तुळसाबाईनं विचारलं. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.

दौलतराव गोंधळले. आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. बायको नुसतं खूळ म्हणायची आणि पेटी फळीवर मागे ढकलायची.

"हे काय हाय तेच समजत नाई म्हनून," ते म्हणाले आणि दुधी डबी त्यांनी उन्हात धरली. ऊन तिच्या कडेतून गाळून निघालं. "माती नाई. लाकूड नाई. शिंग म्हनावं तं असा रंग नाई. मन्यार म्हनते, कचकडा. कचकडा म्हंजे काय, ते त्याले बी ठाव नाई. तिथल्या सरकी काढाच्या जिनातला एक फिटर म्हने, हे कापसाचं करतात. कापूर घालून."

"कापसाचं?" बबनराव पुढे सरकले. "जलमभर कापूस पेरला आमी. असा टनक कापूस नाई पायला."

तुळसाबाईनं गुलाबी डबी पदरावर खसाखसा घासली, नाकाशी धरली. पुन्हा घासली. "भाऊजी, कापूर हाय!"

बबनरावांनी वास घेतला. हिरवी उचलली, धोतरावर घासली. "हिले काई वास नाई."

"काईले येते, काईले नाई," दौलतराव म्हणाले. "समद्या एका जातीच्या नाईत."

तिघंही डब्यांभोवती बसली. एक एक घासून बाजूला ठेवू लागली. कस्तुराबाई हातात खण घेऊन तशीच उभी.

"कापूस अन् कापूर असन तं भडकन जळन," बबनराव म्हणाले. "जाळून पायली का कदी?"

दौलतरावांची मूठ हातातल्या डबीवर मिटली. "नाई. जीवच नाई झाला."

"बाबा, पाहू ना जाळून!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. वच्छला बोलली होती. पाहायला आलेल्यांपुढे मुलीनं विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नसतं. कस्तुराबाईनं कपाळाला हात लावला.

वच्छलाचं तिकडे लक्ष नव्हतं. "निळी घ्या. तिचा आरसा तडकला हाय. वास बी हाय तिले."

निळी दौलतरावांची सगळ्यांत लाडकी होती. त्यांनी ती उघडली, मिटली, पुन्हा एकदा उघडली आणि लेकीच्या हातात दिली.

तिनं ती अंगणात धुण्याच्या दगडावर नेऊन ठेवली. मागोमाग मोठी माणसं आली. बबनरावांनी काडी ओढली आणि झाकणाच्या कडेला लावली.

भप्पकन पिवळा जाळ वर आला. बबनराव टोपी सावरत मागे झाले. देवघरात यावा तसा कापराचा वास अंगणभर पसरला, आणि कस्तुराबाईनं सवयीनं हात जोडले. मग तिचं तिलाच हसू आलं.

जाळ जसा आला तसाच गेला. दगडावर पितळी बिजागरी आणि काळवंडलेला आरसा उरला.

"कापूर तं खरा," बबनराव वाकून पाहत म्हणाले. "पन कापसाचं काई ठरलं नाई."

"नाई ठरलं," दौलतराव म्हणाले. लाडकी डबी जळाली तरी त्यांचा चेहरा खुलला होता.

"त्या फिटरले गाठू. वाशीमले जासान तवा मले सांगा."

तुळसाबाई कस्तुराबाईकडे वळली. "कुंकवाचा करंडा आना."

बबनराव चपापले. तिच्या कानाशी येऊन म्हणाले, "वहिनी, पोरीले चालवून नाई पायलं अजून."

"दगडापाशी समद्याइच्या आंधी कोन पोचलं?" तुळसाबाई म्हणाली. "तुमी नाई पायलं, म्या पायलं."

तिनं करंड्यात बोट बुडवलं आणि वच्छलाच्या कपाळावर टेकवलं. वच्छलानं डोळे वर केले, आणि समोरच्या बाईला नीट, सावकाश पाहून घेतलं.