फरदीनची पकड

"अजून एकदा," जहीरभाई म्हणाले.

पिंटूच्या मांड्या थरथरत होत्या. खांद्यावर लोखंडी दांडा घेऊन पुन्हा खाली बसायचं आणि उठायचं होतं. दर्यापूरच्या त्या पत्र्याच्या जिममध्ये सकाळीच अंगाची लाही होत होती.

"भाई, मले कबड्डी खेळायची हाय. हमाली नाही करायची."

"मंग मागच्या साली अकोल्यात काय झालं, सांग बरं?"

पिंटूनं दांडा सावरून बैठक मारली.

अकोल्यात पासष्ट किलो गटाचा अंतिम सामना होता आणि शेवटची चढाई पिंटूची. एक गडी बाद करून तो मध्यरेषेकडे वळला, तोच अकोल्याच्या फरदीननं त्याची मांडी पकडली. काटकुळा पिंटू सुटला तर नाहीच, पडताना खांदाही निखळला. सामना गेला. गावात पोरं त्याला बुजगावणं म्हणू लागली. कप्तानानं तर तोंडावरच सांगितलं, "यंदा फरदीनच्या हाती सापडला, त संघात जागा नाही."

खांदा बरा झाल्यावर पिंटू जहीरभाईंकडे गेला. भाई आखाड्यातले जुने गडी.

"चपळाई हाय तुह्याजवळ," ते म्हणाले. "पण हा अंगाले अंग भिडवायचा खेळ हाय. सांध्याच्या भवताल ताकद नसली, त एका धक्क्यात हाड जागा सोडते."

पिंटूनं ते मनावर घेतलं. एकही सकाळ चुकवली नाही. कमरेला वाळूची गोणी बांधून तो ती ओढत न्यायचा, आणि ओढताना ती गोणी नसायची, फरदीन असायचा. रात्री झोपेत लाथा झाडायचा. त्याची आई पंचफुला आधी कुरकुरली, मग रोज अंडी उकडू लागली. सदऱ्यांच्या शिवणी उसवल्या तेव्हा तिनं ते कौतुकानं शेजारणींना दाखवले.

"आता कसं, पोरगं भरल्यावानी दिसते!"

पिंटूला कौतुकाशी देणंघेणं नव्हतं. त्याला ती मध्यरेषा ओलांडायची होती, फरदीन मांडीला लटकलेला असताना.

स्पर्धेच्या दिवशी अकोल्याच्या मैदानावर जहीरभाईंनी त्याचा खांदा दाबून पाहिला आणि खूश झाले. मग पिंटू रांगेतून वजनकाट्यावर चढला.

"उतर. पुन्हा चढ," पंच म्हणाले.

तो पुन्हा चढला.

"दोन किलो जास्त हाय. या गटात खेळता येत नाही."

जहीरभाईंनी कपाळावर हात मारला. ज्याला सारं गाव बुजगावणं म्हणायचं, त्याचं वजन वाढेल हे कुणाच्या ध्यानीमनीच आलं नव्हतं.

पिंटूचे डोळे भरून आले. कुणाला दिसू नये म्हणून तो मंडपामागे गेला. तिथल्या बाकावर एक जाडजूड गडी मान खाली घालून बसला होता. त्यानं वर पाहिलं, तरी पिंटूला ओळख पटायला वेळ लागला.

"तू काहून इकडं बसून राहिला?" पिंटूनं विचारलं.

"मागच्या साली तू माह्या हातातून जवळपास सुटलाच होता," फरदीन म्हणाला. "तुह्या धाकानं मी सालभर लोखंड उचललं, अन् आता मलेही काट्यावरून उतरवलं."