वाजवणं थांबलं की

व्हायोलिनवर संथ भागाच्या शेवटच्या ओळी वाजवायच्या उरल्या होत्या. तेवढ्यात आत्मारामला खिडकीतून आई दिसली आणि त्याच्या छातीत धस्स झालं.

आता आई दिसल्यावर कुणाच्या छातीत धस्स होतं का? पण ती कुठल्या वाटेनं येत होती ते बघा. खाणीच्या कंत्राटदाराच्या बंगल्यामागं उतार, उताराखाली पायवाट, आणि पायवाटेच्या डोक्यावर खडीच्या खाणीची दरड. बोईसरच्या बाजारात सुकट विकून आई रोज याच वाटेनं तारापूरकडे परतायची. सुरुंग उडवण्याआधी खाणीवर भोंगा वाजायचा. तो ऐकला की ती अलीकडच्या वळणावरच थांबायची. भोंगा नाही, म्हणजे वाट मोकळी.

आज भोंगा वाजणारच नव्हता. आणि तो बंद झाला होता आत्मारामपायी.

तीन सोनाटे, तीन-तीन भागांच्या विलायती रचना, टेपवर भरायचे होते. पियानोवर पेरीनबाई, तारापूरच्या पारशीण, खाणीच्या कंत्राटदाराच्या पत्नी. व्हायोलिनवर त्यांच्याच हाताखाली तयार झालेला आत्माराम. दोन सोनाटे झाले होते, तिसऱ्याचा पहिला भागही झाला होता, पण पुढचा संथ भाग भोंग्यानं दोनदा नासवला, म्हणून आज तिथूनच सुरुवात. टेपरेकॉर्डर अणुकेंद्राच्या वसाहतीतल्या गोऱ्या साहेबाचा, आणि साहेब उद्या मायदेशी निघालेला. ही टेप मुंबईला पोचली तर तिथल्या वाद्यवृंदात आत्मारामची वर्णी लागेल, अशी आशा होती. काल तो वैतागून म्हणाला होता, "बाई, त्या भोंग्याचं काहीतरी करा."

बाईंनी केलं. आज तो दारात येतो न येतो तोच म्हणाल्या, "डिकरा, भोंगा बंद. मेला कोकलत बसतो आणि आपला जीव खातो. मुकादमाला सांगून ठेवलंय, माणसं आधीच लांब बसव, आणि व्हायोलिन थांबलं की लाव बत्ती. एक धडाका, की सुट्टी."

आत्माराम खूश झाला होता. तेव्हा कुठली आई आठवायला.

ओळी संपत आल्या. संथ भाग संपला की जरा थांबायचं, सूर विरू द्यायचा, मग शेवटचा जलद भाग सुरू करायचा, ही सोनाट्याची रीतच. पण अजून एक भाग बाकी आहे हे मुकादमाला कुणी सांगितलं होतं? त्याला एवढंच ठाऊक, थांबलं की बत्ती. आणि एकदा बत्ती लागली की आईचे दुखरे पाय किती लांब पळणार होते.

शेवटचा सूर आला. पेरीनबाईंनी हात उचलले. आत्मारामनं गज उचलला नाही. तो सूर त्यानं लांबवला, आणखी लांबवला, आणि संथ भाग पुन्हा पहिल्या ओळीपासून धरला.

बाईंनी डोळे वटारून फिरत्या टेपकडे बोट दाखवलं.

"खाली आई आहे," तो वाजवता वाजवता म्हणाला. "दरडीखाली. मी थांबलो की ते उडवतील."

पेरीनबाईंनी खिडकीतून हाक मारली, पण त्यांचा थकलेला आवाज उताराखाली पोचला नाही. "तू वाजवत राहा," त्या म्हणाल्या. "मी मुकादमाला सांगते." गुडघ्यावर हात रेटून त्या उठल्या, पायात सपाता अडकवल्या आणि निघाल्या. खाणीवर जायचं म्हणजे बाभळींना अख्खा वळसा, आणि बाईंना घरातला जिना चढवत नव्हता.

आत्माराम वाजवत वाजवत खिडकीशी आला. उकाड्यापायी खिडकी सताड उघडी होती. पंखा बंद होता, त्याची घरघर टेपवर येते म्हणून. चाल, आये, तो मनात म्हणत होता. ते पुढचं वळण गाठलंस की सुटलीस. घामानं व्हायोलिन हनुवटीखालून निसटू बघत होतं. तरी आवाज त्यानं दाबला नाही. मुकादमाला तो नीट ऐकू जायला हवा होता.

तो आईलाही ऐकू गेला. ती थांबली आणि तिनं वर बघितलं.

घरी तो वाजवायला बसला की आई हातातलं काम टाकून उंबऱ्याशी येऊन बसायची. भजन असो की पोराचं वाजवणं, संपायच्या आत उठणं म्हणजे वाजवणाऱ्याचा अपमान, अशी तिची पक्की समजूत. चूल विझली तरी हलायची नाही. "तुजा होऊ दे, बाला," म्हणायची, "मना काय घाई नाय."

"आये, पळ," तो ओरडला. हनुवटी व्हायोलिनवर दाबलेली, शब्द धड फुटेनात. व्हायोलिन खाली घेतलं असतं तर हाक पोचली असती. पण मग व्हायोलिन थांबलं असतं.

आईनं कपाळावर आडवा हात धरला, खिडकीतला पोरगा तिला दिसला, आणि तिनं हात हलवला.

मागं टेप संपली. तिचं सुटलेलं टोक चाकाबरोबर फटफट आपटायला लागलं. पेरीनबाई अजून बाभळींपर्यंतही पोचल्या नव्हत्या. संथ भागाच्या शेवटच्या ओळी पुन्हा जवळ आल्या, आणि आत्मारामनं तिसऱ्यांदा पहिली ओळ धरली.

खाली आईनं डोक्यावरची टोपली उतरवली, दरडीच्या सावलीत टेकवून ठेवली, आणि पाय पसरून ती ऐकत बसली.