आमचा जपानी क्लब

बाळ खांद्यावर झोपलं होतं, त्यामुळे गोल झाला तरी मला ओरडता येणार नव्हतं. मोबाईलवर खेळत असलेल्या आमच्या जपानी फुटबॉल क्लबने मोठ्या मनाने तशी वेळच येऊ दिली नाही.

"काय सूनबाई, जपान अजून शून्यावरच?" सासऱ्यांनी पेपराआडून विचारलं. आबा तरुणपणी कोल्हापुरात पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमचे गोलकीपर होते. त्यांच्या मते त्या पेठेबाहेर फुटबॉल नाहीच.

"शून्य-दोन," मी पुटपुटले. हंगामातला शेवटचा सामना. हरलो की क्लब खाली सेकंड डिव्हिजनमध्ये जाणार, आणि ते सामने माझ्या मोबाईलवर दिसत नाहीत. म्हणजे आठवड्यातले माझे स्वतःचे असे दोन तासही गेले.

शिट्टी वाजली. हरलो.

"आता मागच्या दारानं पळा म्हणावं," आबा हसत उठून आले. "आमच्यात हरलं की चपला यायच्या."

पण खेळाडू पळाले नाहीत. आपल्याच प्रेक्षकांसमोर एका ओळीत उभे राहिले आणि कमरेतून वाकले, चांगला बराच वेळ. गोलकीपरला तर मान वर करवेना. तेव्हा प्रेक्षकांनी त्याच्याच नावाचं गाणं सुरू केलं.

आबा बघतच राहिले. मग त्यांनी माझ्या खांद्यावरून बाळाला अलगद उचलून घेतलं.

"त्या सेकंड डिव्हिजनचं कुठं दिसतंय का, शोध बघू निवांत. माणसं चांगली हायत."

चांगली आहेतच. नाहीतर वर्षभर समोरच्यांना इतके गोल कोण करू देतं?